ट्रायग्लिसराइड आणि उपवासाचे ताट

रक्ताच्या अहवालात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढलेले दिसले की आपल्याकडे पहिली गदा येते ती तेलावर. तळण बंद होते, फोडणीचे तेल निम्म्यावर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु एवढ्यावर पथ्य संपले असे समजून दिवसातून चार वेळा गोड चहा घेतला जात असेल, तर आकडा हटत नाही. कारण गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेली साखर आणि पिष्टमय पदार्थ यांपासून यकृत स्वतःच ट्रायग्लिसराइड तयार करते. मद्यानेही तेच होते. म्हणून माझ्या आहारात मी तेलाइतकेच लक्ष साखरेकडे देतो, आणि फळांच्या रसाऐवजी अख्खे फळ खातो.

बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात दर डेसिलिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण ठीक मानतात आणि 200 च्या पुढचे जास्त. 500 ओलांडल्यावर मात्र स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढू लागतो, तेव्हा केवळ पथ्यावर विसंबू नये; औषधाचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

सर्वांत अवघड वाटतो तो उपवासाचा दिवस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, दाण्याचे कूट आणि सढळ हाताने घातलेले तूप, वर गोड दही! एकादशीच्या नावाखाली आपण नेमके तेच खातो, जे इतर दिवशी कटाक्षाने टाळतो. आमच्या घरी आता त्या दिवशी राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची कमी तुपातली भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असते. व्रत मोडल्याची भावना कुणाच्याही मनात येत नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा किंवा तारली तळण्याऐवजी तिखले करून खावी. त्यांतील ओमेगा-3 हे मेदाम्ल ट्रायग्लिसराइड कमी करण्यास मदत करते. जवसातील ओमेगा-3 तितके परिणामकारक नसते, तरीही ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी मला आवश्यक वाटते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत, लसूण, सुक्या मिरच्या, जिरे आणि मीठ घालून जाडसर कुटावेत. चटणी थोडी थोडीच करावी, कारण कुटलेले जवस लवकर खवट होतात.