तू स्वतः येणार नसलास तर

पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या 33 व्या अध्यायात एक प्रसंग आहे. इस्राएल लोकांकडून सोन्याचे वासरू करून पूजण्याचे पाप घडून गेले आहे आणि परमेश्वर त्यांचा पुढारी मोशे याला सांगतो की, वचन दिलेला देश तुम्हांला मिळेल, तेथील राष्ट्रांना घालवून देण्यासाठी माझा दूत तुमच्यापुढे चालेल, पण मी स्वतः तुमच्यामध्ये राहून येणार नाही, कारण तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. देश, विजय, संरक्षण, सुबत्ता असे आपण प्रार्थनेत मागतो त्यातले जवळजवळ सगळे येथे देऊ केलेले आहे. आपल्यापैकी कित्येकांनी ते आभारप्रार्थना करून स्वीकारलेही असते, असे मला वाटते. मोशे मात्र स्वीकारत नाही. तू स्वतः येणार नसलास तर आम्हांला येथून पुढे नेऊच नकोस, असे तो परमेश्वराला स्पष्ट सांगतो.

देवाच्या सान्निध्यात राहण्याचे आशीर्वाद कोणते, असा प्रश्न कुणी विचारला की आपण शांती, आनंद, सामर्थ्य, मार्गदर्शन अशी नावे घेऊ लागतो. ती सारी खरी आहेत, पवित्र शास्त्रातलीच आहेत. परंतु मोशेच्या नकारातून असे दिसते की खरा आशीर्वाद सान्निध्य हाच आहे, बाकीचे त्याच्यामागून येते, आणि कधी कधी आपण ठरवलेल्या वेळी येतही नाही. मिसरात गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे खोट्या आरोपावरून तुरुंगात पडलेल्या योसेफाचे उदाहरण घ्या. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे उत्पत्ती या पुस्तकाचा 39 वा अध्याय त्याचा मालक पोटीफर याच्या घराविषयी जेवढ्या ठामपणे सांगतो, तेवढ्याच ठामपणे तुरुंगाविषयीही सांगतो. त्या सान्निध्याने तुरुंगाचे दार लगेच उघडले नाही. तुरुंगात त्याच्याबरोबर असलेला राजाचा प्यालेबरदार, म्हणजे पेय देणारा सेवक, सुटून गेला, योसेफाला विसरला, आणि त्यानंतरही पूर्ण दोन वर्षे योसेफ तेथेच राहिला. संकट टळले म्हणजे देव जवळ आणि संकट लांबले म्हणजे देव दूर, हा आपला हिशेब या अध्यायापुढे टिकत नाही.

हे सान्निध्य स्वस्तात मिळालेले नाही, याचाही आपल्याला विसर पडतो. इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूतील, म्हणजे निवासमंडपातील, परमपवित्रस्थानात केवळ मुख्य याजक जात असे, तोही वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आणि रक्त घेतल्यावाचून नाही. प्रभू येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातले हे स्थान झाकणारा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमानकार मत्तय लिहितो. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा 10 वा अध्याय सांगतो की, आता येशूच्या रक्ताने त्या पवित्रस्थानात धैर्याने प्रवेश करण्याची वाट आपल्यासाठी खुली आहे. जेथे एक मनुष्य वर्षातून एकदा भीतभीत जात असे, तेथे आपल्याला कोणत्याही दिवशी, कोणत्याही घटकेला जाता येते. असे असूनही पुष्कळांच्या मनात देवाचे सान्निध्य म्हणजे उपासनेतील गीतांनी अंगावर येणारा शहारा, एवढेच असते. त्या भावनेला मी नावे ठेवत नाही. परंतु गीत संपल्यावर ती ओसरते, आणि तिच्याबरोबर देवही निघून गेला असे समजणे हे ख्रिस्ताने केलेल्या कार्यापेक्षा आपल्या मनःस्थितीवर अधिक विश्वास ठेवणे होय.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ स्तोत्रसंहितेतील, आसाफाने रचलेल्या 73 व्या स्तोत्रात आहे. दुष्टांची भरभराट पाहून आसाफ हेव्याने पोळला होता. आपण मन शुद्ध राखले ते व्यर्थच, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि त्याला त्या दुष्टांचा शेवट समजतो. बाहेरची परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. बदलली आहे ती त्याची दृष्टी, आणि तिच्याबरोबर त्याची इच्छाही, कारण पुढे तो म्हणतो की पृथ्वीवर मला तुझ्यावाचून दुसरे काही प्रिय नाही. त्याचबरोबर त्याला स्वतःचेही रूप दिसते: तुझ्यापुढे मी पशूसारखा मूढ होतो, अशी कबुली तो देतो. देवापुढे राहणाऱ्याला सांत्वनाइतकीच ही लाजही मिळते, आणि ती आशीर्वादाचाच भाग आहे असे मी मानतो, कारण त्या कबुलीनंतर लगेच येणारे वाक्य असे आहे की, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस.

थकलेल्यांशी मात्र देव वेगळ्या रीतीने वागतो. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया झुडुपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा त्याला उपदेश होत नाही. त्याला झोप मिळते, भाकर आणि पाणी मिळते, पुन्हा झोप मिळते. तू येथे काय करतोस, हा प्रश्न विचारला जातो तो नंतर, होरेब डोंगरावर.

रोजच्या धावपळीत हे सान्निध्य कसे राखावे, याविषयी 17 व्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेली या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठात राहिलेल्या बंधू लॉरेन्सचे जीवन मला फार उपयोगी वाटते. तो विद्वान नव्हता, धर्मगुरूही नव्हता. मठाच्या स्वयंपाकघरात त्याने अनेक वर्षे राबून काढली, तीही त्या कामाची मुळात आवड नसताना. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याच्या लेखी फरक उरला नव्हता; भांड्यांच्या गडबडीतही तो देवाशी बोलत असे. देवाचे स्मरण सुटले, चूक झाली, तर तो ती कबूल करी, तू मला माझ्यावर सोडलेस तर माझ्या हातून हेच घडणार असे देवाला सांगे, आणि मग स्वतःला दोष देत न बसता पुन्हा कामाला आणि संभाषणाला लागे. आपल्यातील बहुतेकांचे गाडे अडते ते विसरण्यापाशी नव्हे, तर विसरल्यावर परत येण्याच्या संकोचापाशी. म्हणून त्याची ही पद्धत दिवसातून कितीही वेळा वापरावी लागली, तरी ती वापरण्यास कुणी संकोचू नये.