डिमिनिश्ड सेवन्थ: बारा कशाला, तीनच पाठ करा

पियानोवर मेजर-मायनर कॉर्ड्स हातात बसल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, डिमिनिश्ड सेवन्थच्या (सारख्या अंतरावरच्या चार सुरांच्या) बाराही कॉर्ड्स पाठ करायच्या का आणि त्या वाजवायच्या तरी कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तीन पुरे.

बी घ्या, तीन सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून तीन पट्ट्या) वर डी, अजून तीन वर एफ, अजून तीन वर ए फ्लॅट, आणि परत तीन मोजले की पुन्हा बीवरच पोचता. म्हणजे बीची म्हणा नाहीतर एफची, बोटांखाली त्याच चार पट्ट्या. सीची, सी शार्पची, डीची, झालं, ई फ्लॅटवर गेलात की परत सीवालीच.

आता उजव्या हातात बी-डी-एफ-ए फ्लॅट धरून डाव्याने खालचा जी दाबा. सरळसरळ जी सेवन्थ ऐकू येते, फक्त वर फ्लॅट नाईन्थचा, म्हणजे इथे ए फ्लॅटचा, तिखटपणा. ही कॉर्ड बहुतेक वेळा रूट (पायाचा सूर, इथे जी) गाळलेली डॉमिनंटच (घरच्या कॉर्डकडे, इथे सीकडे, ओढणारी कॉर्ड) असते, म्हणून तर तिला सुटायची एवढी घाई, बी वर सीकडे ओढतो आणि ए फ्लॅट खाली जीकडे.

पण अंतरं सगळी सारखी ना, मग एक सेमीटोन वरच्या घराकडे ओढायचं बीचं हे काम चारातला कुणीही करू शकतो. ए फ्लॅटला जी शार्प (पट्टी तीच, नाव दुसरं) धरलं की घर ए मायनर, डी धरला की ई फ्लॅट, एफला ई शार्प धरलं की एफ शार्प. बीथोव्हेनने १७९९ ला छापून आलेल्या पॅथेटिक सोनाटात, पहिल्या मूव्हमेंटच्या मधे, हेच केलंय, जी मायनरमधे चाललेलं असताना डिमिनिश्डमधला ई फ्लॅट डी शार्प म्हणून वापरला आणि थेट ई मायनर! तिथे दहा वेळा मागे जाऊन ऐका, थिअरीची अर्धी पुस्तकं वाचायची गरज नाही. नुसतं दचकवायला ही कॉर्ड थरथरवत बसणं मला तरी फुकट घालवल्यासारखं वाटतं.

अजून एक करून बघा, चारातली कुठलीही एक नोट एक सेमीटोन खाली घ्या, डॉमिनंट सेवन्थ तयार. ए फ्लॅटचा जी केला तर जी सेवन्थ, एफचा ई केला तर ई सेवन्थ, बाकीच्या दोन तुम्हीच काढा.

रोजच्या वाजवण्यात सुरुवात सोपी, सी मेजर आणि डी मायनरच्या मधे सी शार्प डिमिनिश्ड सेवन्थ टाका, सगळ्यात खालचा सूर (बेस) आपोआप सी, सी शार्प, डी असा चढतो. आणि हाफ डिमिनिश्ड यात मिसळू नका, तिथे ए फ्लॅटच्या जागी ए असतो आणि वरची सगळी गणितं बंद पडतात.