समेचा नाद सोडताना

पुण्यात लहानपणी काही वर्षे तबला शिकून मी जॅझ गिटारीकडे वळलो, तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन दम टाकण्याची सवय अंगातून गेलेली नाही, हे मला रिओ दी जानेरोमध्ये तीन ब्राझिलियन वादकांबरोबर अल्बम ध्वनिमुद्रित करताना कळले. सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांचा १९६२चा ‘जॅझ सांबा’ हा अल्बम मला फार प्रिय आहे. पण तो वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात मुद्रित झाला आणि त्यातले वादक सगळे अमेरिकी होते. मला मात्र ज्यांच्या हाडीमांसी सांबा हे ब्राझीलचे नृत्यसंगीत आहे, त्यांच्यात बसून वाजवायचे होते.

सुरुवात गोंधळानेच झाली. मी ‘गिटार’ घेऊन येतो असे कळवले होते. तिकडे ‘गितारा’ म्हणजे विजेवरची गिटार, त्यामुळे स्टुडिओत ॲम्प्लिफायर मांडून ठेवला होता. माझ्या नायलॉनच्या तारांच्या गिटारीसाठी मायक्रोफोन लावण्यात सकाळ गेली. त्यात आदल्या रात्रीच नव्या तारा चढवण्याचा शहाणपणा मी केला होता, आणि नायलॉन ताणून स्थिरावेपर्यंत दर दहा मिनिटांनी ती उतरत राहिली.

खरी अडचण लयीची होती. सांबा दोन मात्रांचा. पण सुर्दो या मोठ्या ढोलाचा भारदस्त ठोका पडतो दुसऱ्या मात्रेवर, आणि पहिलीवर तो दबकाच राहतो. शिवाय कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलायची ती पुष्कळदा पाव मात्रा आधीच. मी मात्र प्रत्येक आवर्तनाच्या तोंडाशी ठामपणे उतरत होतो आणि माझ्या हाताखाली सगळा सांबा मिरवणुकीतल्या बँडसारखा वाजत होता. ड्रमवादकाने हेडफोनमधली लय दाखवणारी टिकटिक (क्लिक) बंद करवली, गिटार बाजूला ठेवायला लावली आणि डावे पाऊल जड टाकत मला खोलीभर चालवले. नंतर त्याने फक्त अंगठा वाजवायला सांगितला, कारण अंगठा म्हणजे सुर्दो आणि त्याशेजारची तीन बोटे म्हणजे तांबोरिम, काठीने वाजवायचे छोटे चर्मवाद्य. ही फोड १९५८ पासूनच्या ब्राझिलियन गायक-गिटारवादक जुवाँव जिल्बेर्तोच्या ध्वनिमुद्रणांत मी शेकडो वेळा ऐकली होती, पण अंगठ्याला ती उमगायला दोन दिवस लागले.

चौघेही एकाच खोलीत वाजवत असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये उतरत होता, म्हणजे माझी एकट्याची चूक नंतर दुरुस्त करणे शक्यच नव्हते. तिसऱ्या दिवशी एका सोलोच्या शेवटी, जुन्या खोडीने, मी तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर आलो. दुसऱ्या पल्ल्याला ड्रमवादकाने मान वर केली, तिसऱ्याला तो सोबत आला आणि बरोबर समेवर त्याचा ठोका माझ्याबरोबर पडला. लगेच पुढच्या आवर्तनात, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, तो दुसऱ्या मात्रेवर परतला. तोच टेक आम्ही अल्बममध्ये ठेवला.