पाटी-पेन्सिल घेऊन टर्कीच्या मागे: पॅडी क्रीकचे तीन दिवस

सेंट लुईसहून आय-४४ महामार्गाने रोला पावणेदोन तास. तिथे भाच्याला हॉस्टेलवरून उचललं, मग ६३ वरून दक्षिणेला लिकिंग आणि तिथून ३२ ने पश्चिमेला. वाटेत 'सक्सेस' नावाचं गाव लागतं. भाचा म्हणाला, "मामा, इथल्या पाटीपाशी फोटो काढून ठेव. परत येताना काढायला तोंड नसेल." गेल्या वर्षी मी रानटी टर्कीच्या शिकारीवरून रिकाम्या हाताने परतलो होतो, ते त्याला माहीत होतं. गाडी थांबवली नाही.

सक्सेसहून १७ ने वर गेलं की रोबी, आणि रोबीच्या आसपास मार्क ट्वेन राष्ट्रीय वनाचा आमचा तुकडा, पॅडी क्रीक. हे वन अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या दक्षिणेकडच्या २९ काउंट्यांत (जिल्ह्यांत) विखुरलेलं आहे, साधारण १५ लाख एकर. सगळं सार्वजनिक. ना जमीनमालकाची परवानगी, ना क्लबची वर्गणी. रस्त्यापासून आत तंबू ठोकून १४ दिवस फुकट राहता येतं. एकच गोष्ट सांभाळायची: तुकड्यांच्या मधेमधे खासगी जमिनी घुसलेल्या आहेत. फोनवरचा नकाशा घरीच उतरवून घ्या, कारण दऱ्यांमध्ये सिग्नल मिळत नाही. मी छापील नकाशाही ठेवतो. त्यावरून बायको हसते, हसू दे.

आधी कागदपत्रं, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मला असाल तर शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स आधी करावा लागतो. बंदुकीचं प्रकरण मात्र व्हिसावर अवलंबून आहे. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. एच-वन (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे, पण तो नेमका कसा लागू होतो ते वकिलाला विचारूनच पाऊल टाका. भाचा विद्यार्थी व्हिसावर. त्याने बंदुकीला बोटही लावलं नाही, थर्मास आणि खाऊची पिशवी सांभाळली.

मिझुरीतला वसंत हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि २१ दिवस चालतो. हंगामात दाढीवाले पक्षी फक्त दोन मारता येतात, त्यातला पहिल्या आठवड्यात एकच आणि दिवसाला कधीही एकापेक्षा जास्त नाही. दाढी म्हणजे नराच्या छातीवरून लोंबणारा राठ केसांसारखा झुपका. २०२४ पासून खासगी जमिनीवर सूर्यास्तापर्यंत मुभा आहे, पण सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकच्या ठोक्याला बंदूक खाली. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत आणि छरा ४ नंबरपेक्षा मोठा चालत नाही. दाणे टाकून किंवा रेकॉर्ड केलेला आवाज लावून बोलावणं गुन्हा आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, निघण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

आम्ही दुसऱ्या आठवड्यात गेलो, मंगळवार ते गुरुवार. उद्घाटनाच्या सोमवारी प्रत्येक कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी पिकअप उभी असते. दुसऱ्या आठवड्याच्या मध्याला तीच जागा मोकळी. पक्षी थोडे शहाणे झालेले असतात, पण गर्दीपेक्षा शहाणा पक्षी परवडला.

पहिली सकाळ. साडेचारला चढण चढून आम्ही डोंगराच्या धारेवर. व्हिपूरविल नावाचा पक्षी अंधारात तेच तेच ओरडत होता, भाचा त्याला "अलार्म" म्हणायला लागला. उजाडायच्या सुमाराला मी घुबडाचा आवाज काढला. घुबड ऐकलं की झाडावर रात्र काढलेला नर चिडून ओरडतो आणि आपला पत्ता देतो. यानेही दिला. दीडशे यार्डांवर होता. आम्ही लगेच बसलो आणि मी बोलावायला सुरुवात केली.

बोलावायचं यंत्र म्हणजे काय म्हणाल, तर चक्क पाटी आणि पेन्सिल. गोल डबीत बसवलेली स्लेटची चकती आणि लाकडी काडी. शाळेत पाटीवर पेन्सिल तिरकी घासली की अंगावर काटा यायचा आणि मास्तरांचा हात पाठीवर, त्याच आवाजाचा हा सख्खा भाऊ. मी हौसेने अर्धा तास घासत बसलो. नराने प्रत्येक हाकेला ओ दिली, आणि मग झाडावरून उतरला तो सरळ उलट्या दिशेला, माद्यांच्या मागे. उजाडल्यावर कळलं की आमच्या आणि त्याच्या मध्ये ओहोळ होता. टर्की उडू शकते, पण मादीला भेटायला ओहोळ ओलांडायचा नराला भारी कंटाळा. बसायच्या आधी मध्ये ओहोळ, कुंपण, दाट झुडूप नाही ना, हे नकाशावर पाहा. मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टर्की दिसलीच नाही, पण जे झालं ते महत्त्वाचं आहे. आठच्या सुमाराला मी दोनदा पाटी घासली आणि डावीकडून पाचोळा वाजला. भाच्याने माझ्या गुडघ्याला स्पर्श केला. मी बंदूक उचलली नाही, आधी नुसता बघत राहिलो. झाडामागून निघाला तो माणूस. नखशिखांत पानांच्या कपड्यात, बंदूक हातात, आमच्या आवाजाच्या रोखाने दबकत. मी मोठ्याने म्हणालो, "नमस्कार, इथे माणसं आहेत." हात हलवला नाही. हाताची हालचाल म्हणजे पक्ष्याची मान वाटू शकते, आवाज कधीच नाही. बिचारा ओशाळला, माफी मागून वाटेला लागला.

म्हणून सार्वजनिक जंगलात तीन गोष्टींत मी तडजोड करत नाही. लाल, पांढरं, निळं अंगावर काहीही नाही, रुमालसुद्धा नाही, कारण नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. पाठीला खांद्यांपेक्षा रुंद झाड. आणि आवाजाच्या मागे दबकत जाणं नाही, बसून बोलवायचं. रस्त्याच्या तोंडाशी दुसऱ्याची गाडी दिसली तर पुढच्या जागी जा. मी प्रत्येक सकाळसाठी तीन जागा ठरवून ठेवतो.

गुरुवारी पहाटे सगळं शांत. आठ वाजेपर्यंत एकही आवाज नाही. भाच्याचं चहाचं तुणतुणं सुरू झालं आणि लांबच्या गाड्या सुरू झाल्याचं ऐकू आलं. बहुतेक लोक नऊपर्यंत जंगल सोडतात, आणि इथेच चुकतात. या दिवसांत माद्या सकाळी उशिरा अंड्यांकडे जातात आणि नर एकटा पडतो. सहाला ज्याला आपली पर्वा नव्हती, तो दहाला आर्जवं करत येतो.

आम्ही धारेवरच्या जळक्या पट्ट्याकडे सरकलो. वनखातं इथे मुद्दाम आग लावून पाचोळा जाळतं. काळ्या जमिनीतून कोवळं गवत फुटलेलं, मध्ये डॉगवुडच्या झाडांची पांढरी फुलं. अशा उघड्या जागी टर्कीला किडेही मिळतात आणि लांबचं दिसतंही. कडेच्या ओकला टेकून बसलो. दहा वाजून पाच मिनिटांनी पाटीवर तीन हलके घास. खालच्या उतारावरून नराच्या ओरडण्याचा गडगडाट. पुन्हा एकदा, आणखी हलकं. गडगडाट जवळ आला. मग मी पाटी खाली ठेवली. परवाची खोड मोडायची होती. त्याला कळलंय आपण कुठे आहोत, आता त्याने शोधू दे.

पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग एक घुमारा, कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवणारा. पिसारा फुलवून नर तसा घुमतो. त्याच क्षणी मला भाच्याच्या मानेवरून गोचीड चढताना दिसलं, कॉलरवरून कानामागे, अगदी सावकाश. त्यालाही ते जाणवत होतं. डोळे विस्फारलेले, पण पोरगं हललं नाही. मग गवताच्या कडेवर ते डोकं आलं, लाल-पांढरं-निळं, आणि मागून शेपटीचा पंखा. मोराचा भाऊबंद आहे हे तेव्हा पटतं, कूळ एकच. तो झाडाआड गेला तेव्हा बंदूक खांद्याला लावली. तीस पावलांवर मान उंच केली आणि बार काढला.

तीस पावलं मुद्दाम सांगतो. आपली बंदूक चाळीस यार्डांवर कागदावर छरे कसे पसरते ते घरी तपासून ठेवा. गेल्या वर्षी मी न तपासता पन्नासवर बार काढला आणि नर उडून गेला.

जागीच परवान्यावर खूण केली. पक्षी नारिंगी पिशवीत घातला, उघडा पक्षी खांद्यावर टाकून चालणं म्हणजे दुसऱ्याच्या बंदुकीला आमंत्रण. त्याच दिवशी रात्री दहाच्या आत नोंद करावी लागते, त्यासाठी सिग्नल मिळेपर्यंत गाडी हाकली. वीस पौंड, नऊ इंचांची दाढी, पायामागची पाऊण इंचाची नखी. म्हणजे दोन वर्षांचा. १९६० साली या राज्यात नव्याने हंगाम सुरू झाला तेव्हा १४ काउंट्यांत मिळून ९४ पक्षी मिळाले होते. पकडून आणलेले पक्षी रानोमाळ सोडून हे रान पुन्हा भरलं, त्यातलाच हा एखादा वंशज.

गोचिडांबद्दल. कपड्यांवर आधी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, पायमोज्यांत पँट खोचा, संध्याकाळी अंग तपासा. इथलं लोन स्टार गोचीड चावल्यावर काहींना गुरं, बकरी, डुक्कर अशा मांसाची ॲलर्जी होते. मालवणी माणसाला याहून मोठी धमकी नाही. भाच्याच्या कानामागचं चिमट्याने मुळापासून काढलं, घट्ट रुतलं होतं.

घरी छातीचे तुकडे नुसत्या मिठा-मिरपुडीवर तव्यात, पटकन, नाहीतर चामडं होतं. मांड्या आणि तंगड्या रानात धावलेल्या, त्या कुकरलाच लावाव्यात. सहा शिट्ट्या, मग भाजक्या खोबऱ्याचं वाटप, आणि सोबत वडे. भाचा कानामागचा लाल डाग चाचपत बसला होता.

"मामा, मटण बंद झालं तर?"

"पक्ष्याला ती ॲलर्जी लागू नाही. टर्की चालते."

त्याने ताट पुढे केलं.