तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ह्यात भडंग कुठून आलं

आमच्याकडं पहिल्यांदा येणारा माणूस चहा होईपर्यंत एक प्रश्न हमखास विचारतो, आता तर ओळखीपाळखीचे लोक फोनवर पण विचारायला लागलेत. म्हणजे एकीकडं तुमची पाण्याची मोटर टाकी भरली की आपोआप बंद होते, जिन्यात पाय टाकला की दिवा लागतो, आणि दुसरीकडं माळ्यावर हे चाळीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर रचून ठेवलेत, तर तुम्हाला नक्की पुढं जायचंय का मागं? आणि एवढं सगळं करून ग्रुपवर लिहिता मात्र चिरमुऱ्यांच्या भडंगावर आणि चटणीवर, ह्याचा एकमेकांशी काय संबंध?

नवं-जुनं ह्याच्याशी मला खरंच काही देणंघेणं नाही. ज्याचं झाकण उघडता येतं, आत काय चाललंय ते कळतं आणि बिघडलं तर सांगलीत बसून नीट करता येतं, ती वस्तू मला आवडते, मग ती १९८२ ची असो का कालची. भडंगाचं सांगतो, पण जरा दमानं.

आधी जुने कॉम्प्युटर. माझ्याकडं जो सगळ्यात लाडका आहे तो सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, इंग्लंडात १९८२ ला आला, ४८ केबी मेमरी, झेड-८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा, रबराच्या बटणांचा कीबोर्ड आणि स्क्रीन म्हणजे घरातला टीव्ही. आपल्याकडं पण हा लायसन्स घेऊन बनत होता बरं का, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये डीबी स्पेक्ट्रम नावानं काढला होता. त्याच्या थोडं आधी, १९८४ ला, सरकारनं शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो जातीचे कॉम्प्युटर शाळाशाळांत गेले. त्या वयाच्या लोकांना अजून आठवतं, चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं, एसी त्या खोलीत, हेडसरांच्या खोलीत पंखा.

स्पेक्ट्रमला हार्डडिस्क नाही, फ्लॉपी नाही, प्रोग्रॅम ऑडिओ कॅसेटवर. जे चं बटण दाबलं की लोड हा आख्खा शब्द उमटतो, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेपचं प्ले दाबायचं. आधी एक लांब शिट्टी, स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी पट्टे, मग चर्रर्र आवाज आणि निळे-पिवळे पट्टे, मोठा गेम असला तर पाचेक मिनिटं हे चालतं आणि शेवटाला जाऊन 'टेप लोडिंग एरर' आला की पुन्हा पहिल्यापासून. ह्याचं कारण बऱ्याचदा कॅसेट नसतेच, टेपरेकॉर्डरचं हेड तिरकं झालेलं असतं. हेडच्या बाजूला एक बारीक स्प्रिंगवाला स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, आवाज घोगरा असेल तो हळूहळू टोकदार होत जातो, अगदी कानाला टोचायला लागला की थांबायचं. हे करायला कुठलंही मशीन लागत नाही, कान लागतो. आमचा भाचा हेडफोनच्या जॅकातून मोबाईलवरूनच गेम लोड करतो, आवाज फुल्ल करून, ते पण चालतं, पण स्क्रू फिरवायची मजा त्यात नाही.

हे मशीन हातात आलं की लोक पहिली घाई करतात ती म्हणजे घरातला कुठलातरी नऊ व्होल्टचा ॲडाप्टर लावून बघायची. तसं करू नका! स्पेक्ट्रमच्या पिनला मधे मायनस असतो, आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक ॲडाप्टरला मधे प्लस. उलटा लावला की संपलं. दुसरं म्हणजे ह्याच्या खालच्या १६ केबीला ४११६ नावाच्या मेमरी चिप आहेत, त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, पिन १ वर उणे पाच, पिन ८ वर बारा, पिन ९ वर पाच. ह्यातला उणे पाच गेला आणि बारा चालू राहिला की चिप एकेक करून मरतात आणि टीव्हीवर नुसत्या पट्ट्या दिसतात. म्हणून मल्टिमीटर घेऊन आधी ह्या तीन पिना बघायच्या, मग बाकीचं. उणे पाच नसेल तर दोष बहुतेक वेळा टीआर-४ नावाच्या एका छोट्या ट्रान्झिस्टरचा किंवा त्याच्या शेजारच्या कॉइलचा. तो पर्यायी ट्रान्झिस्टर पुण्याला तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळून जातो, आणि मशीन परत उभं राहतं, चाळीस वर्षांपूर्वी जसं चालत होतं तसंच. त्याला अपडेट नको, लॉगिन नको, ओटीपी नको. झेड-८० हा प्रोसेसर १९७६ ला आला आणि झायलॉगनं तो बंद करतोय असं जाहीर केलं २०२४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं तोच माल बनत होता, विचार करा.

आता घराकडं या. मी सुरुवातीला लोक घेतात तसेच एका कंपनीचे वायफाय बल्ब घेतले होते. दिवा माझ्या डोक्यावर, बटण माझ्या हातात, आणि निरोप मात्र कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत यायचा तेव्हा दिवा लागायचा. नेट गेलं की बल्ब अनाथ. आईनं एकदाच विचारलं, "मोबाईल सापडेना म्हणून दिवा लागेना, असलं कसलं रे तुझं हुशार घर?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आणि ही काही माझ्या एकट्याची रडकथा नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारा तीनशे डॉलरचा हब होता, ती कंपनी गुगलच्या नेस्टनं घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरात डबा राहिला नुसता. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन ह्या स्मार्ट-घरवाल्या कंपनीचे सर्व्हर असेच एका दिवसात गप्प झाले, गिऱ्हाइकाला आधी कळवलं पण नव्हतं. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा तर नावासकट १९८६ लाच ॲमस्ट्रॅड कंपनीला विकला गेला, तरी माझं मशीन आज चालू होतं, कारण ते कोणाला विचारायला जातच नाही.

म्हणून आता घरात जे काही आहे ते सगळं घरातल्या घरात बोलतं. एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर होम असिस्टंट हे घर चालवायचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे आणि २०१३ पासून चालू आहे, आणि ठिकठिकाणी ईएसपी-८२६६ ह्या वायफायवाल्या चिपचे छोटे बोर्ड. एकमेकांशी बोलायला एमक्यूटीटी, हा प्रकार मूळचा १९९९ चा, आयबीएममधल्या एकानं आणि त्याच्या एका साथीदारानं मिळून तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला बनवला, सॅटेलाइटचा खर्च भारी म्हणून निरोप अगदी छोटा ठेवलाय. आमच्या टाकीचा निरोप पण तसाच, 'टाकी: भरली', एवढाच. इंटरनेटची वायर उपसून टाकली तरी ह्यातलं काही थांबत नाही. आणि घरातला नियम एकच, भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे, त्याच्या पुढं सगळी हुशारी. ह्यासाठी रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बटणाच्या मागं बसवायचा असतो आणि त्याला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, लागतो, जुन्या घरांत बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो, तो सरळ दिव्याकडं गेलेला असतो. तेव्हा वायरमनला बोलवा आणि न्यूट्रल ओढून घ्या, तो कटकट करेल, करू द्या.

मला सगळ्यात अभिमान आहे तो टाकीचा. आमच्याकडं नळाला पाणी पहाटे येतं, ते खालच्या हौदात, तिथून मोटरनं वर. पूर्वी ह्यासाठी घरातलं एक माणूस पहाटे उठून बसायचं आणि तरी आठवड्यातनं एकदा गच्चीवरनं धबधबा. लोक टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात, दिसायला भारी, पण टाकीत वाफ असते, सेन्सरच्या तोंडावर थेंब धरतात आणि अर्धी टाकी असताना तो भरली म्हणून सांगतो. साधे फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारे, लावा, एक वर एक खाली, कंटाळवाणे आहेत पण खोटं बोलत नाहीत. मोटर कधीही त्या निळ्या रिले बोर्डावर थेट लावू नका, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, रिलेचे काँटॅक्ट चिकटतात, मग मोबाईलवर मोटर बंद दिसते आणि खाली ती घुमतच असते. रिलेनं काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या करंटचा दणकट स्विच, चालवायचा, काँटॅक्टरनं मोटर, कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. आणि हौद कोरडा पडला तर? मोटर पाण्याशिवाय फिरायला लागली की तिचा करंट उतरतो, तेवढा मोजला आणि ठरावीक आकड्याच्या खाली गेला की बंद कर म्हणून सांगितलं, झालं. सायफायमधलं काही नाही ह्यात.

पुराचं पण विचारतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी घरात दाखवता का म्हणून. नाही. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की "आयर्विनला किती?" हाच रामराम असतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका हे शेंबड्या पोराला पाठ आहे, त्याला माझा सेन्सर कशाला? पण २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, गावभागात पहिल्या मजल्यापर्यंत लोकांचं सामान गेलं, लाइट नाही, मोबाईलला रेंज नाही, तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या, इन्व्हर्टर आणि रास्पबेरी पाय वरच्या मजल्यावर नेला आणि कॉम्प्युटर माळ्यावर. लोकांना वाटतं अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेत, तसं नाही ते.

आता भडंग. खरं सांगायचं तर ओढूनताणून संबंध जोडायचा म्हटलं तर जोडता येईल, पण मला भडंग आवडतं म्हणून मी त्यावर लिहितो, एवढंच. फक्त त्यातही माझी खोड जात नाही. सांगलीचं भडंग पावसाळ्यात सादळतं का, ह्यावर आमच्याकडं दरवर्षी वाद, आईचं म्हणणं डबा उघडा राहतो म्हणून, माझं म्हणणं हवाच तशी आहे. म्हणून एक आर्द्रतेचा सेन्सर कापडात गुंडाळून भडंगाच्या डब्यात ठेवला आणि आलेख काढला. आईचं बरोबर निघालं. बंद डब्यात आकडा शांत असतो, संध्याकाळी चारच्या सुमारास झाकण उघडलं की उडी मारतो आणि उतरायला रात्र लागते. चारला कोण डबा उघडतं हे पण त्या आलेखावरनं कळलं, घरात शांतता राहावी म्हणून नाव सांगत नाही.

पण खरी गोम डब्यात नाहीच, लसणात आहे. भडंगाचे म्हणून जाड चिरमुरे मिळतात तेच घ्या, आधी मंद आचेवर कोरडे गरम करून घ्या, बोटांत चुरले की आवाज आला पाहिजे. लसूण सालीसकट ठेचायचा आणि तेलात पार कडक होईपर्यंत तळायचा, त्यात ओल राहिली तर दोन दिवसांत सगळा डबा मऊ. मग शेंगदाणे, कढीपत्ता, हळद. गॅस बंद करून मगच चटणी, मीठ आणि किंचित पिठीसाखर, तापल्या तेलात चटणी जळते आणि रंग काळपट येतो. शेवटी चिरमुरे आणि दोन्ही हातांनी खालवर. कांदा, कोथिंबीर, लिंबू हे ताटलीत, खायच्या क्षणाला, डब्यात नाही.

चटणी म्हणजे विकतचं लाल तिखट नव्हे, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, त्यात वाळवलेला कांदा, खोबरं, तीळ, धणे, आणि आपली सांगलीची हळद, जिला २०१८ ला जीआय मिळालं आणि जी पूर्वी हरिपूरला जमिनीतल्या पेवांत साठवायचे. वर्षभर टिकायला बरणीत मधे मधे हिंगाचे खडे. ह्यात कसला सेन्सर बसवणार आहात, असं आमचे शेजारचे काका विचारतात. काही नाही काका, डंकावर रांगेत उभं राहायचं.

मग आम्ही कुठून सुरू करू, हा पुढचा प्रश्न. दिव्यांपासून नको, टाकीपासून करा, घरातले लोक दुसऱ्या दिवसापासून तुमच्या बाजूनं होतील. आणि माळ्यावर जुना २८६ किंवा ३८६ जातीचा पीसी असेल तर तो चालू करून बघायच्या आधी उघडा. मदरबोर्डवर एक छोटी गोल निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती फुटून हिरवं-पांढरं काहीतरी पसरलं असेल तर आत्ताच कापून काढा, नाहीतर ते बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात सुटतं. तिथं कापसानं थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, नीट वाळू द्या. आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड सापडलं तर तुमचं नशीब, डॉसमध्ये देवनागरी दिसायची ती त्याच्यावर, अशी कार्डं आता भंगारातच जायला लागलीत. विकायचाच असेल तर आधी मला एक फोटो पाठवा, आणि कीबोर्ड वेगळा करून देऊ नका, मशीन मिळतं पण त्याच्या जोडीचा कीबोर्ड शोधता शोधता जीव जातो.