परवानगी नाकारली गेल्यास

तिच्या फाइलच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं ६२ असा आकडा टाकून ठेवला होता, शंभरपैकी. इतक्या गुणांवर सहसा फेलोशिप मिळत नाही.

गुन्हेगारीशास्त्रातल्या संशोधन फेलोशिपच्या निवड समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. अर्ज पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे येतात, तसे पदवी हातात पडून पुढचं काम उभं करू पाहणाऱ्यांचेही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा, न्यायवैद्यक, सांख्यिकी, सगळीकडून. विषय बहुतेकांचे चांगलेच असतात. घोडं अडतं ते दारात. आम्हाला जे पाहायचं असतं ते तुरुंगाच्या, पोलीस ठाण्याच्या, सुधारगृहाच्या भिंतीआड असतं आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. वर्षभर फेलोशिप घेऊन नुसते परवानगीच्या रांगेत उभे राहिलेले फेलो मी पाहिले होते. म्हणून मीच आग्रह धरून एक अट घालून घेतली: जिथे अभ्यास करायचा त्या संस्थेचं परवानगीपत्र मुलाखतीच्या दिवशी फाइलला जोडलेलं हवं.

त्या दिवशी सात मुलाखती होत्या. तिची चौथी. विषय होता सुधारगृहातल्या मुलांसाठी चालणारा एक समुपदेशन कार्यक्रम. त्यात गेलेली मुलं सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळायची थांबतात का, एवढा साधा प्रश्न.

ती बसली आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाली, "सुरुवात करण्याआधी एक सांगायचंय. माझं परवानगीपत्र काल संध्याकाळी रद्द झालं." मग तिनं ते पत्र स्वतःच वाचून दाखवलं. तीन ओळींचं. 'प्रशासकीय कारणास्तव' हे त्यातलं एकमेव कारण. आवाज स्थिर होता, पण कागदाची खालची कड थरथरत होती.

अध्यक्षांनी फाइल मिटली. "मग आज आम्ही मुलाखत कशाची घ्यायची?"

"प्रश्नाची घ्या, सर. प्रश्न रद्द झालेला नाही."

कारण काय असावं ते तिच्या आराखड्यातच होतं. प्राथमिक पाहणीत तिला दिसलं होतं की ज्या मुलांनी जास्त सत्रं केली तीच जास्त संख्येनं परत आत आली. आराखड्याची एक प्रत तिनं सौजन्य म्हणून त्या संस्थेला पाठवली आणि दार बंद झालं. मी ६२ दिले होते तेही याच आकड्यापायी. मला वाटलं होतं, मुलीनं निष्कर्षावर उडी मारली. पुढचा परिच्छेद मी घाईत वाचला होता. त्यात तिनं स्वतःच लिहिलं होतं की या आकड्यानं काहीच सिद्ध होत नाही. ज्यांची अवस्था जास्त बिकट त्यांनाच जास्त सत्रं दिली जातात. रुग्णालयात जास्त दिवस राहिलेले रोगी जास्त दगावतात, म्हणून काही खाट जीवघेणी ठरत नाही.

समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "कार्यक्रमानं आमचं भलं झालं असं ती मुलंच सांगतात. मग तुम्हाला आणखी काय खणायचंय?"

यावर ती जे बोलली ते आमच्या विषयात सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. पण मुलाखतीच्या खोलीत, हातातलं पत्र नुकतंच गेलेलं असताना, कुणी ते इतकं नेमकं मांडलेलं मी ऐकलं नव्हतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकारानं १९३९ मध्ये, मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून आखलेला केंब्रिज-सॉमरव्हिल युवक अभ्यास प्रत्यक्ष सुरू झाला. ५०६ मुलगे. वय, घरची परिस्थिती, स्वभाव जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत द्यायची ते नाणं उडवून ठरवलं. २५३ मुलांना मदत मिळाली, २५३ जणांना नाही. मदत पोकळ नव्हती. सल्लागार महिन्यातून साधारण दोनदा भेटत, अभ्यास घेत, डॉक्टरकडे नेत, काहींना उन्हाळी शिबिराला पाठवत. हे १९४५ पर्यंत चाललं. पुढे जोन मॅककॉर्ड या संशोधिकेनं त्या जुन्या फायली हाती घेतल्या आणि तोवर चाळिशी-पन्नाशीला पोचलेल्या त्या पुरुषांना एकेक करून शोधून काढलं. त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की कार्यक्रमाचा आम्हाला उपयोग झाला. काहींना आपला सल्लागार नावानिशी आठवत होता. आणि १९७८ मध्ये मॅककॉर्ड यांनी जे छापलं ते असं: मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे जास्त, दारूच्या आहारी गेल्याची चिन्हं जास्त, गंभीर मानसिक आजाराची चिन्हं जास्त, आणि त्यांना मरणही लवकर आलेलं.

"सर, त्या माणसांनी खोटं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. नाणं उडवलेलं नसतं आणि फायली जपलेल्या नसत्या, तर आपल्याला आजही तेवढंच माहीत असतं."

पुढच्या विश्लेषणात संशय उन्हाळी शिबिरांवर गेला. बिघडू लागलेली मुलं एकत्र आणली की ती एकमेकांना आणखी बिघडवतात, हा मुद्दा १९९९ मध्ये मॅककॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तेही तिनं सांगितलं, पण 'संशय' हा शब्द सोडला नाही. मला ते आवडलं.

दार बंद असताना आता करणार काय, हे मी विचारलं. तिनं पिशवीतून एक हातानं लिहिलेला तक्ता काढला. त्याच प्रकारचा एक जुना, बंद पडलेला कार्यक्रम होता. त्याच्या नोंदी न्यायालयाच्या अभिलेखागारात पडून होत्या. कोणत्या वर्षाच्या नोंदी सलग आहेत, कुठे खंड आहे, नावं काढून टाकून प्रती मिळवायला कुणाकडे अर्ज करावा लागतो, हे सारं तिनं महिन्यापूर्वीच टिपून ठेवलं होतं. मुख्य बेत फसला तर हाताशी असावं म्हणून. मला रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब हे गुन्हेगारीशास्त्रज्ञ आठवले. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या संशोधक दांपत्यानं बॉस्टनमधल्या ५०० गुन्हेगार आणि ५०० इतर मुलांची गोळा केलेली माहिती हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत भरून होती. या दोघांनी १९८० च्या दशकात ती खोकी उघडली आणि त्यातून नोकरी, लग्न यांसारख्या वळणांवर माणूस गुन्ह्यापासून कसा दूर होतो याचा मोठा अभ्यास उभा राहिला.

पुढचा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. पोलिसांनी तुमच्या टिपणवह्या मागितल्या तर? रिक स्कार्स हे समाजशास्त्रज्ञ संशोधनात दिलेला गोपनीयतेचा शब्द मोडायला तयार झाले नाहीत, म्हणून १९९३ मध्ये त्यांनी १५९ दिवस तुरुंगात काढले. बहुतेक उमेदवार अशा वेळी छाती पुढे काढून "मी कधीच देणार नाही" म्हणतात. तिनं मूळ आराखड्यासाठी केलेलं संमतीपत्र पुढे सरकवलं. मोठ्या टायपात, मुलांना वाचता येईल असं:

'माझ्याशी बोलायला तू नाही म्हणालास तर तुझी सुटका लांबणार नाही. हो म्हणालास तर ती लवकरही होणार नाही. जो गुन्हा अजून कुणाला माहीत नाही, त्याचं नाव, गाव, तारीख मला सांगू नकोस. कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला कळलं तर मी गप्प बसू शकणार नाही.'

यातलं दुसरं वाक्य पाहा. नकाराची शिक्षा होणार नाही, एवढं तर सगळेच लिहितात. होकाराचं बक्षीस मिळणार नाही, हे क्वचितच कुणी लिहितं. बंदिस्त माणूस संशोधकाच्या चेहऱ्यात सुटकेची वाट शोधत असतो, हे ज्यानं आत जाऊन पाहिलंय त्यालाच ते वाक्य सुचतं.

ती बाहेर गेल्यावर आमचा खल झाला. अध्यक्ष चांगले गृहस्थ, पण नियमाला धरून चालणारे. पत्र नाही तर अर्ज अपूर्ण, इतकं सरळ. मी म्हणाले, ती अट माझी आहे आणि ती चुकली आहे. फेलोचा वेळ वाचावा म्हणून आपण ती घातली. पण त्या अटीमुळे कोणत्या प्रश्नाला पैसा मिळावा हे आता आपण ठरवत नाही. ज्याचा कारभार तपासायचा तोच ठरवतो. उत्तराची भीती असलेली संस्था एक पत्र मागे घेते आणि आपल्या हातात फक्त वाहवा करणारे प्रबंध उरतात. ज्येष्ठ सहकारी बराच वेळ ते संमतीपत्र हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "हिला अभिलेखागारापर्यंत तरी जाऊ द्या."

निर्णय असा झाला: विद्यावेतन लगेच सुरू, क्षेत्रकामाचा खर्च नोंदी पाहण्याची परवानगी आल्यावर, मुदत सहा महिने. मी ६२ खोडून ८६ केले आणि शेऱ्याच्या चौकटीत त्या संमतीपत्रातलं दुसरं वाक्य उतरवलं. परवानगी पाचव्या महिन्यात आली.

पुढच्या फेरीच्या अर्जात परवानगीपत्राची अट सैल झाली आणि एक नवी ओळ आली: 'परवानगी नाकारली गेल्यास काय कराल?' त्यापुढची जागा बहुतेकांनी कोरी सोडली. काहींनी 'पुन्हा विनंती करेन' असं लिहिलं. एका अर्जात मात्र दीड पान मजकूर होता, जागा अपुरी पडली म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर गेलेला. गठ्ठ्यातून तो काढून मी आधी तोच वाचायला घेतला.