आधी पायाची नाडी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पेशंटचे नातेवाईक मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात: रोज नेमानं ड्रेसिंग होतंय, मलम बदलून झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तरी पायाची जखम भरत का नाही? मी नर्स आहे आणि बरीच वर्षं जखमांचंच काम करते आहे. अशा वेळी मी आधी उलट विचारते, की पायाची नाडी कुणी बघितली का? फार वेळा ती कुणीच बघितलेली नसते.

जखम भरायला प्राणवायू, प्रथिनं, पांढऱ्या पेशी लागतात आणि हे सगळं रक्तातून येतं. पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत आतून चरबीचा, कॅल्शियमचा थर साचला की वाट अरुंद होते. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा नव्हे, जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन बरीच भरपाई करतात, त्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. धड कातडी थोड्या रक्तावर निभावून नेते. पण बूट चावला, नख कापताना जरा लागलं, की ती जागा भरून यायला कितीतरी जास्त रक्त हवं असतं. ते येत नाही आणि जखम तशीच राहते.

ही जखम बहुधा बोटांच्या टोकांवर, दोन बोटांच्या मध्ये, टाचेवर किंवा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला होते. कडा कापून काढल्यासारख्या, तळ फिका किंवा काळपट, स्राव कमी, रक्त जवळजवळ नाहीच. पाय गार, कातडी पातळ आणि चकचकीत, केस गेलेले. पेशंटची एक सवय मी नेहमी विचारते. रात्री आडवं झाल्यावर दुखणं वाढतं आणि पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं का? पाय खाली सोडल्यावर थोडं रक्त उतरतं, म्हणून आराम पडतो. कित्येक जण खुर्चीत बसूनच झोपतात. मात्र मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर काहीच दुखत नाही, आणि ते जास्त धोक्याचं.

व्हेरिकोज व्हेन्सची, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांमुळे होणारी जखम याच्या अगदी उलट असते. ती घोट्याच्या वर, बहुधा आतल्या बाजूला, उथळ आणि ओलसर. पाय सुजलेला, कातडी काळवंडलेली, पाय वर ठेवला की आराम. तिच्यावर घट्ट पट्टी बांधणं हाच मुख्य इलाज. तीच पट्टी रक्त कमी पोहोचणाऱ्या पायावर बांधली तर उरलंसुरलं रक्तही तुटतं आणि पाय काळा पडू शकतो. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते, नाडी तपासल्याशिवाय पायाला घट्ट पट्टी नको. काहींना दोन्ही दोष असतात, त्यांचं तर तज्ज्ञानंच ठरवायचं.

तपासणी सोपी आहे. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतात. मग डॉपलर या ध्वनिलहरींच्या यंत्रानं घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबानं भागतात. याला एबीआय म्हणतात. 1 च्या आसपास आला तर ठीक, 0.9 किंवा कमी म्हणजे रोहिणीत अडथळा, 0.5 च्या खाली गेला तर तातडीनं व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन गाठा. मधुमेहात वाहिन्या टणक होतात, त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा फसवा मोठा येतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

खरा उपचार म्हणजे रक्ताची वाट मोकळी करणं. 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये डॉ. चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद रोहिणी कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, रुंद केली. बोटांना गँग्रीन झालं होतं, जखम भरत नव्हती आणि पाय कापायला त्या तयार नव्हत्या. रक्त पोहोचलं, दुखणं थांबलं, जखम भरली. जगातली पहिली अँजिओप्लास्टी ती हीच, आणि ती हृदयावर नव्हे तर पायावर झाली! आज वाहिनीत फुगा फुगवतात, स्टेंट (जाळीची नळी) बसवतात किंवा पायातलीच शीर वापरून बायपास करतात. शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, साखर आणि रक्तदाब यांवर ताबा हवाच, कारण तोच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही साचत असतो.

घरी एक मोह टाळा. बोट काळं आणि कोरडं पडलं असेल तर ते भिजवू नका, खरवडू नका. सर्जन रक्तपुरवठ्याचं बघेपर्यंत कोरडं, झाकलेलं राहू द्या. मात्र वास, पू, लाली, ताप यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि तंबाखू. सिगारेट, विडी, तोंडात धरायचा, कुठल्याही रूपातला. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या बर्जर नावाच्या आजारात तर ऐन तिशी-चाळिशीतल्या माणसांची बोटं जातात, आणि तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो आजार थांबत नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, चढू दे.

चालताना पोटरीत गोळा येऊन थांबावं लागत असेल तर ते वयावर ढकलू नका, जखम होण्याआधीची ती सूचना असते. तपासून घ्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. असं आठवड्यातून किमान तीनदा, तीन महिने केलं तर चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. रोज पावलं आणि बोटांच्या फटी बघा, नखं सरळ कापा, पायाला झालेलं कुरूप ब्लेडनं कापू नका. गार पाय गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. भाजलेलं कळणार नाही. मोजे पुरेत.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला आणि सहन न होणारं दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. रोहिणी पूर्ण बंद झालेली असू शकते, आणि पाय वाचवायला साधारण सहाच तास मिळतात.